पहिल्या वर्गाचा जीव

माझे सासरे नवा माणूस भेटला की आधी त्याच्या मानेकडे बघत, मग पोटाकडे, आणि मग विचारत, "वडील आहेत?" नसले तर पुढचा प्रश्न ठरलेला: "कशानं गेले?" लोणावळ्याच्या बंगल्यावर दूध घालणारा गवळीसुद्धा यातून सुटला नाही. त्याला वाटायचं, म्हातारा किती मायेनं चौकशी करतो. मला ठाऊक होतं की मामंजी मनातल्या मनात त्याचा विमा उतरवतायत. तो फाटकाबाहेर पडला की माझ्याकडे वळून म्हणत, "पहिल्या वर्गाचा जीव आहे. बाप अजून नांगर धरतो."

स्वदेशीच्या दिवसांत त्यांनी चार मित्र जमवून पुण्यात विमा कंपनी काढली होती. तेव्हा गोऱ्यांच्या कंपन्या आपल्या माणसाला विमा देताना नाक मुरडायच्या आणि हप्ता जास्त लावायच्या, म्हणून आपल्या माणसांची आपली कंपनी. मी सांगते आहे ती गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांची, सन पस्तीसच्या आगेमागची. तोवर कंपनी मोठी झाली होती, मुंबईला शाखा होती, कारभार माझे थोरले दीर बघत होते आणि मामंजींचा उजवा हात कापायला लागला होता. डॉक्टरांनी लोणावळ्याची हवा सुचवली. संचालकांनी सुचवलं की तिथं बसून कंपनीचा इतिहास लिहावा. हात कापत असल्यामुळे लिहायला दुसऱ्याचा हात हवा होता, आणि घरात रिकामा हात एकच होता. माझा.

सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि अठराव्या वर्षी यजमान छातीच्या दुखण्यानं गेले. आमचं सासर सुधारक, त्यामुळे केशवपन वगैरे काही झालं नाही. कुंकू गेलं, रंगीत लुगडी गेली, आणि माझ्याशी बोलताना बायका आवाज खाली आणू लागल्या. सासूबाई आधीच वारलेल्या. घरात मी कुणाला जड नव्हते आणि कुणाला लागतही नव्हते.

माहेर तळेगावला. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. आम्ही चौघी बहिणी, मी सगळ्यात थोरली. अण्णांनी मला मराठी सातवीच्या परीक्षेला बसवलं होतं आणि मी पास झाले होते. त्या काळी तेवढ्यावर पुण्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळे, आणि तिथून बाहेर पडलं की मुलींच्या शाळेत नोकरी. मला ती हवी होती. एक खोली, तिला माझं कुलूप, आणि सकाळी उठून जायला एक जागा. देवाकडे मी दुसरं काही मागत नव्हते.

मी मामंजींना विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. "इतिहास पुरा झाला की तू मोकळी," म्हणाले. "मी शब्द देतो." त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सगळं पुणं जाणत होतं. एका पावसाळ्याचं काम आहे, असं धरून मी ट्रंक भरली.

शब्द खरा होता. फक्त इतिहास पुरा होईना.

सकाळी दूध घेऊन झालं की मामंजी व्हरांड्यात फेऱ्या मारत आणि मी बैठं मेज घेऊन दाराशी बसे. "घे," म्हणाले की लिहायचं, "खोड," म्हणाले की खोडायचं. "'कंपनीची भरभराट झाली'... भरभराट? छे. खोड. 'वाढ' लिही." दोन फेऱ्या. "'सर्वांनी साहाय्य केले'... सर्वांनी कुठं? खोड." दुपारपर्यंत दोन ओळी उभ्या राहत, आणि संध्याकाळी फिरून आले की त्यातली एक आडवी होई. एखादी गोष्ट नीट आठवली नाही की पुण्याला दिरांना पत्र जाई. दिरांना उत्तर लिहायचा भारी कंटाळा. तोवर प्रकरण थांबे आणि मीही थांबे.

खोटं त्यांना खपत नसे. विम्याच्या धंद्यातलं एक तत्त्व माझ्या कानांवर इतकं पडलं की अजून झोपेत म्हणून दाखवीन: माहिती दडवली की करार रद्द. अर्ज करणाऱ्यानं आपला खोकला लपवला, बापाचा क्षय लपवला, तर कंपनी बांधील नाही, आणि कंपनीनंही समोरच्यापासून काही लपवायचं नाही. हे तत्त्व मामंजी घरातही पाळत. आमटी खारट झाली तर खारट म्हणत, छान झाली तर छानही म्हणत. दुसरं जरा क्वचित.

आषाढ-श्रावणात लोणावळ्यात राहायचं म्हणजे ओल्या पोत्यात राहायचं. आजूबाजूचे बंगले बंद, त्यांचे मालक मुंबईला. धुकं दारातून आत येऊन माझ्या शेजारी बसे. कागद मऊ पडत, शाई पसरे. शेगडीवर टोपलं उपडं घालून आम्ही लुगडी वाळवायचो, तशीच मी इतिहासाची पानं वाळवी. मला फाटकाबाहेर जायला बंदी नव्हती, हे मुद्दाम सांगते. कुणी कुलूप घातलं नव्हतं. पण जायचं कुठं? पांढऱ्या लुगड्यातली तरुण बाई बाजारात एकटी दिसली की दुकानदारसुद्धा तराजू थांबवून बघत. शिवाय मामंजींना कधी काय आठवेल याचा नेम नसे, आणि आठवलं की हाक येई. मी फाटकापर्यंत जाई आणि परत येई. रात्री अंथरुणावर पडलं की आपण इथंच म्हातारं होणार, असं मनात येई.

बोलायला होती ती मावशी. बंगल्याच्या माळ्याची बायको, जवळच्याच वडिवळे गावची. भांडी घासायला बसली की तिची नजर माझ्या मेजावर असे. एकदा तिनं विचारलंच.

"येवढं काय लिवता वो बाई?"

"कंपनीचा इतिहास."

विमा म्हणजे काय, ते मी तिला समजावून सांगितलं. माणूस दरसाल थोडंथोडं भरतो आणि तो गेला की घरच्यांना रक्कम मिळते.

"मेल्यावं देत्यात? आन् न्हाई मेला तर?"

"तर म्हातारपणी त्यालाच देतात."

"मंग बरं हाय." तिनं पातेलं पालथं घातलं. "पर मानूस टिकंल का न्हाई, त्ये आदी कसं वळखत्यात?"

"डॉक्टर तपासतो. छाती मोजतो."

"आमी बी तपासतो की. पोरगी द्यायच्या आदी. पोराला लावनीला बोलवायचं आन् दिसभर खाचरात वाकवायचं. सांजंला चालत घरला गेला तर पोरगी द्यायची. बसला तर न्हाई."

मी हसले. मामंजींना सांगितलं तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, "आमच्या डॉक्टरांपेक्षा ही परीक्षा कडक आहे." इतिहासात घालू का, असं विचारल्यावर मात्र "खोड," म्हणाले. लिहिलंही नव्हतं तरी.

पहिलं वर्ष असंच गेलं. ट्रेनिंग कॉलेजच्या जागा ज्येष्ठात भरल्या तेव्हा आम्ही तिसऱ्या प्रकरणात होतो. मामंजी म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." मी मान हलवली, आत गेले आणि मोरीचं दार लावून मनसोक्त रडले.

चिडून त्यांना काही बोलावं, तर तेही साधत नसे. दुसऱ्या वर्षी मानमोडीच्या साथीचं प्रकरण आलं. सन अठराच्या त्या तापात माणसं पटापट गेली आणि कंपनीवर दाव्यांचा ढीग पडला. संचालक म्हणाले होते, अर्जांत चुका शोधा, वेळ काढा. मामंजींनी ऐकलं नाही. आधी विधवांचे दावे काढा, म्हणाले, आणि कचेरीतल्या चटईवर झोपून ते संपवले. हे सांगताना त्यांचा आवाज फुटला आणि ते कठड्याला धरून उभे राहिले. मलाही रडू आलं. असा माणूस आपल्याला डांबून ठेवतो आहे, असं म्हणायची सोय नसते. ऐकणारा आपल्यालाच वेड्यात काढील. चांगल्या माणसाच्या तावडीतून सुटणं फार कठीण.

मावशीचं मत सरळ होतं. "बाई, तुमी झटाझटा लिवा आन् सुटा. म्हाताऱ्याला काय, दिस काढायचाय."

माघ लागला आणि आम्ही मुंबईच्या शाखेपर्यंत येऊन पोचलो. त्या सकाळी मामंजी खुशीत होते. हवा कोरडी, हाताचं कापणं कमी. फेऱ्या मारत ते म्हणाले, "घे. इथं एक उदाहरण घालू. लोक म्हणतात ना, देशी कंपन्या म्हणजे भाऊबंदांची सोय? त्यांना हे उत्तर." आणि एकही शब्द न खोडता, पाठ असल्यासारखं सांगत गेले.

"कंपनीच्या निःपक्षपाती कारभाराचे एक उदाहरण येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. मुंबई येथील शाखेचे उद्घाटन झाले त्याच साली अध्यक्षांच्या द्वितीय चिरंजीवांनी विम्यासाठी अर्ज केला. डॉक्टरांच्या तपासणीत छातीचे मोजमाप समाधानकारक आढळले नाही, व मातृकुलात क्षयाचा इतिहास असल्याने अर्ज नामंजूर करण्यात आला. नामंजुरीवर खुद्द अध्यक्षांनी सही केली."

द्वितीय चिरंजीव म्हणजे माझे यजमान.

माझा हात आपोआप लिहीत होता. 'सही केली' लिहून झाल्यावर तो थांबला. माझ्या लग्नाच्या पंगतीत मुंबईचे मॅनेजर मोठ्यानं म्हणाले होते, "साहेबांचं बरं आहे, गेल्या वर्षी शाखा, यंदा सून!" सगळे हसले होते. मी खाली मान घालून बसले होते, पण ऐकलं होतं.

"मामंजी, हे लग्नाआधीचं."

"हो."

"आमच्या लग्नाआधीचं."

"हो," म्हणाले आणि फेरी अर्धी टाकून थांबले. त्यांच्या तोंडावर चोरी पकडल्याचा भाव नव्हता. उलट मी त्यांच्या सचोटीवर शंका घेतली म्हणून ते दुखावले होते. "तुझ्या वडलांना मी सगळं सांगितलं होतं. डॉक्टरांचं मत, माझ्या सासुरवाडीकडची दुखणी, सगळं. माहिती दडवून मी मुलाचं लग्न करीन?"

"अण्णा काय म्हणाले?"

"विचार करतो म्हणाले. मग होकार आला."

"आणि मला?"

"तुला?"

त्यांनी हे मनापासून विचारलं. हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

मी म्हटलं, "कंपनी विमा उतरवते तेव्हा ज्याचा जीव त्याची सही घेते ना?"

"घेते."

"दुसऱ्या कुणाची चालते?"

"सज्ञान नसेल तर बापाची चालते," ते सवयीनं म्हणाले, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून खुर्चीत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "आज पुरे." त्या दोन वर्षांत 'आज पुरे' ते पहिल्यांदाच म्हणाले.

मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. एकेक गोष्ट आठवून उलगडायला लागली. यजमान स्वभावानं गरीब. माडी चढताना मला पुढं जायला सांगत आणि मागून सावकाश येत. एकदा चेष्टेत म्हणाले होते, "मी काय, कंपनीनं परत पाठवलेला माल." मला वाटलं, बापाच्या धंद्याची थट्टा करतायत. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दिरांना ठाऊक होतं, मॅनेजरांना ठाऊक असणार. ज्या जिवावर कंपनीनं एक पै लावली नाही, त्यावर मला लावलं होतं, आणि हे ठाऊक नसलेली घरात मी एकटी होते.

मामंजींचा राग आला, पण तो पेलण्यासारखा होता. शेवटी ते मुलाचे वडील. अण्णांचा राग कुठं ठेवावा ते कळेना. याच माणसानं मला जमिनीवर खडूनं अक्षरं काढून शिकवली होती, 'माझी हुशार पोर' म्हणून शाळेत मिरवलं होतं. स्थळ ठरलं त्या संध्याकाळी ते एकटेच सोमाटण्यापर्यंत चालत गेले आणि अंधार पडल्यावर परत आले. आईनं विचारलं, "माणसं कशी आहेत?" म्हणाले, "सरळ आहेत. फार सरळ." आणि जेवण अर्धं टाकून उठले. चार मुली, सुधारक घर, हुंडा मागत नाहीत, शिकलेला मुलगा, छाती तेवढी जरा नाजूक. चार मुलींच्या बापाचा हिशेब मला कळतो. कळतो म्हणून कमी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजी व्हरांड्यात आले, पण फेऱ्या मारल्या नाहीत. "ते कालचं उदाहरण," म्हणाले, "खोड."

"का? खोटं आहे?"

"नाही."

"मग राहू दे. खरं आहे ते राहावं, असं तुम्हीच म्हणता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते उदाहरण राहिलं. छापील पुस्तकात अजून आहे. किती जणांनी वाचून वाहवा केली असेल, देव जाणे.

त्यानंतर इतिहास पळायला लागला. मामंजी दिवसाला चारचार पानं सांगत. 'भरभराट' आली तरी अडत नसत, 'सर्वांनी' आलं तरी पुढं जात. एकदा मीच म्हटलं, "सर्वांनी कुठं, मामंजी?" तर म्हणाले, "असू दे." तेव्हा मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच संताप आला. चैत्र संपायच्या आत शेवटचं पान झालं. त्यांनी कापऱ्या हातानं खाली सही केली आणि ट्रेनिंग कॉलेजच्या बाईंना माझ्यासाठी पत्र घातलं. जागा मिळाली. तळेगावलाही कळवलं. अण्णांचं कार्ड आलं: पोरीला न्यायला मी स्वतः येतो, चार दिवस घरी राहील, मग मी पुण्याला पोचवीन.

अण्णा यायचे होते दुपारच्या गाडीनं. मी सकाळच्या पॅसेंजरनं निघायचं ठरवलं. चार दिवस त्या घरात, आईच्या हातचं खात, अण्णांच्या समोर बसून मी काय केलं असतं? एक तर भांडले असते किंवा विरघळले असते. विरघळण्याची भीती जास्त होती. आई म्हणाली असती, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी जा. आणि 'पुढच्या वर्षी' म्हणजे काय असतं ते मी लोणावळ्यात शिकले होते.

मामंजी फाटकापर्यंत आले. "वडील येतायत ना? थांब की."

"नाही थांबत."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "तुला सांगायला हवं होतं," म्हणाले. "तुला."

"हो," मी म्हटलं. मग वाकून नमस्कार केला. राग असला तरी पाठ आपोआप वाकते. मावशी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढं झाली होती. स्टेशनावर तिनं ती बायकांच्या डब्यात चढवली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "जावा बाई. हितं मागं बगू नगा." गाडी सुटेपर्यंत ती तिथंच उभी होती.

कामशेत गेलं, वडगाव गेलं. तळेगावला गाडी थांबली आणि मी उगाच दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघितलं. पलीकडच्या फलाटावर अण्णा उभे होते. काळा कोट, टोपी, काखेत छत्री, हातात फडक्यात बांधलेली शिदोरी. दुपारच्या गाडीसाठी इतक्या लवकर येऊन उभे. मला न्यायला.

मी तोंड मागं घेतलं, पण उशीर झाला होता. त्यांनी बघितलं. लगबगीनं फलाटाच्या कडेला आले आणि रुळांपलीकडून ओरडले, "अगं, तू कशी यात? मी तुलाच आणायला निघालो होतो! उतर, उतर. घरी चल." शिदोरी वर करून दाखवली. हसत होते. फार दिवसांनी त्यांना इतकं हसताना बघत होते मी. गाडी अजून थांबलेली होती. पाण्याची झारी घेऊन बायका चढत होत्या. उतरायला वेळ होता, आणि माझा एक हात ट्रंकेच्या कडीवर गेलाही होता.

मी खिडकीच्या गजांना तोंड लावून विचारलं, "अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

इतक्या गोंगाटात, इतक्या लांबून, इतकं अर्धवट विचारलेलं. कुणीही म्हटलं असतं, काय माहीत होतं? काय म्हणतेस?

अण्णांनी शिदोरी खाली घेतली. त्यांचं हसू गेलं आणि ते नुसते उभे राहिले. त्यांनी 'काय?' असं विचारलं असतं तर मी उतरले असते.

ट्रंकेच्या कडीवरचा हात मी काढून घेतला. गाडी हलली. मला रडू येत होतं, आणि मी बसून राहिले.